पाळीचा त्रास : अंगावर काढू नका, पिशवीचीही घाई नको

“बाईच्या जातीला हे चालायचंच!” हे वाक्य मी दवाखान्यात वरचेवर ऐकते. कधी सासूबाई म्हणतात, कधी खुद्द पेशंटच. या समजुतीपायी अनेक भगिनी महिनोन् महिने त्रास अंगावर काढतात आणि पार गळून गेल्यावर दवाखान्यात येतात.

पाळी २१ ते ३५ दिवसांनी येणे, दोन ते सात दिवस राहणे, पहिले एक-दोन दिवस ओटीपोट, कंबर दुखणे हे नेहमीचे. वयात आलेल्या मुलींची पाळी पहिली दोन-तीन वर्षे मागेपुढे होते, त्याचीही काळजी नको.

मात्र तासा-दोन तासाला घडी किंवा पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, आठवडा उलटला तरी रक्त न थांबणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, शाळा बुडवावी लागेल इतके पोट दुखणे, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, यांपैकी काहीही असेल तर तपासून घ्या. पाळी चुकलेली असताना रक्त जाऊन पोटात जोराची कळ आली, चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी दाखवा. कर्करोग असेलच असे नाही, पण तो नाही याची खात्री हवी.

“डॉक्टर पिशवीच काढायला सांगतील,” ही भीती अनेकींना असते. ती निराधार नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली; त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा झाला की मजुरी बुडते, हेही त्यामागचे एक कारण होते.

माझे मत स्पष्ट आहे. पिशवी वाचवायची तर लवकर दाखवावे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी या तपासण्यांतून बहुधा कारण कळते. पुष्कळ जणींना लोहाच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी आराम पडतो. कोणी शस्त्रक्रिया सुचवली तर विचारा : आजार नेमका कोणता? औषधाने भागणार नाही का? अंडाशये ठेवणार ना? ती लवकर काढली तर हाडे ठिसूळ होतात. तातडीची निकड नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचाही सल्ला घ्या.

हे वाचणाऱ्या पुरुषांनाही सांगणे आहे. घरातील बाईला धाप लागत असेल, चेहरा पांढराफटक दिसत असेल, तर “कामचुकार” म्हणू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. आणि भगिनींनो, पाळी आल्याची व थांबल्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. दवाखान्यात येताना तेवढी नोंद आणलीत तरी निदानाला मोठी मदत होते.