आधी शाळा मोजा!

माझे माहेर बेळगावकडचे. लग्न होऊन उज्जैनला आले आणि इथल्या शाळांत शिकवण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर एका परदेशी विद्यापीठाचे पत्र आले. मुलांची सर्जनशीलता आणि शालेय शिक्षण या विषयावर अनेक देशांत संशोधन चालू आहे, उज्जैनमधल्या कामाचे समन्वयन तुम्ही करावे, अशी विनंती होती. मन सुखावले, खोटे कशाला बोलू? मी होकार दिला. तो होकार आता मागे घेतला आहे, आणि त्याची कारणे वाचकांपुढे ठेवते आहे.

मुलांना द्यायच्या कागदावर एक प्रश्न होता: विटेचे सुचतील तितके उपयोग लिहा. प्रश्न जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये सर्जनशीलतेच्या अभ्यासाचा आग्रह धरला, आणि पुढे त्यांच्या या धाटणीच्या चाचण्या जगभर पसरल्या. उत्तरे किती, किती प्रकारची, इतरांहून किती वेगळी, त्यावर गुण. प्रश्नात वाईट काही नाही. पण तो आमच्या मुलांपुढे आला तो पुस्तकी हिंदीत. घरात माळवी बोलणाऱ्या सहावीतल्या एका मुलीने एकच ओळ लिहिली: भिंत बांधायला. गुण मिळाले जेमतेम.

पितृपंधरवड्याचे दिवस होते. संध्याकाळी त्याच मुलीच्या गल्लीत गेले, तर ती घराच्या भिंतीवर शेणाने संजा काढत होती. माळव्यातल्या कुमारिका हे पंधरा-सोळा दिवस रोज नवी आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात, गाणी म्हणतात आणि शेवटी किलाकोट मांडतात. आपल्या हादग्याची ही माळव्यातली बहीणच म्हणा. मी विचारले, "अगं, सकाळी विटेबद्दल एवढेच का लिहिलेस?" ती म्हणाली, "बहनजी, पुस्तकात तेवढेच आहे ना." मग हात चालू ठेवून सांगत गेली: कुटून रांगोळीचा लाल रंग, पेटीखाली टेकू, क्रिकेटचा स्टंप, भातुकलीची चूल, भावाचा हात पोचावा म्हणून पाटाच्या जागी दोन विटा. माझी बोटे पुरेनात!

हे सारे मी कळवले. उत्तर आले: सर्व देशांत पद्धत एकच हवी, तोंडी उत्तरे धरता येत नाहीत. नियम म्हणून ठीक आहे. पण मग त्या आकड्याने मोजले काय? मुलीची कल्पनाशक्ती, की शाळेने तिला लावलेले वळण? सीमाभागातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. घरी एक भाषा, वर्गात दुसरी. मूल गप्प बसते आणि गप्प बसलेल्या मुलाला मठ्ठ ठरवून आपण मोकळे होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. इथे आड तुडुंब आहे. पोहराच फुटका आहे.

तो पोहरा दुरुस्त करण्याचा प्रयत्न याच मध्य प्रदेशात झाला होता. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी रीत सुरू केली. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची, वाद घालायचे. १९८२ मध्ये एकलव्य संस्था निघाली आणि हे काम माळव्यातल्या शाळांपर्यंत आले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षाही बदलली: पुस्तक उघडून लिहायला परवानगी आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. पाठांतराची गरजच संपली. आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका निर्णयाने थांबले!

मोजमाप नकोच, असे मी म्हणत नाही. २०१५ नंतर आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने भारतासह ११ देशांत वर्गातली सर्जनशीलता कशी जोपासावी यावर काम केले आणि २०१९ मध्ये त्याचा अहवाल काढला. त्यात शिक्षकांना हाताशी धरून वर्गातले शिकवणे बदलून पाहिले होते, हे योग्यच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सर्जनशीलतेचा गौरव आहे. पण गौरवाने परीक्षा बदलत नाही, आणि परीक्षा बदलल्याशिवाय शाळा बदलत नाही.

म्हणून मी प्रकल्पाला एक अट घातली होती. मुलांच्या गुणांशेजारी शाळेचाही रकाना हवा: मुलांना किती प्रश्न विचारू दिले, घरची भाषा वर्गात चालते का, पुस्तकाबाहेरच्या बरोबर उत्तराला गुण मिळतात का? ती अट मान्य झाली नाही. मी कागद परत पाठवले.

त्या मुलीचा किलाकोट मात्र अमावास्येपर्यंत भिंतीवर होता. त्याला कोणी गुण दिले नाहीत, म्हणूनच कदाचित तो इतका सुरेख झाला.