इतर हक्कांच्या रकान्यात

बँकेच्या नोकरीत मी हजारो सातबारे पाहिले. कर्ज मागायला येणारा क्षेत्र आणि पीकपाणी तेवढे दाखवी. आमची नजर आधी 'इतर हक्क' या रकान्याकडे जाई. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, बहिणीचे नाव, जे काही असेल ते तिथे. जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो, हे लोकांना समजावण्यात माझी निम्मी हयात गेली. निवृत्तीनंतर हाच पाढा श्रीगोंद्यात, सख्ख्या पुतण्यापुढे आणि तोही संगणकाच्या बाबतीत म्हणावा लागेल, असे वाटले नव्हते.

पुतण्या दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रे जुळवून विकतो. दूध ओतले की वजन, फॅट, दर आणि हातात पावती. यंत्राच्या पोटात लिनक्स आहे, बिझीबॉक्स आहे. पडद्यावरची मराठी अक्षरे मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेल्या 'मुक्ता' फाँटची. "सगळं फुकट, काका," असे तो कौतुकाने सांगे. मध्यंतरी एका केंद्रचालकाच्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलीचे पत्र आले : आमच्या यंत्रातल्या लिनक्सचा सोर्स कोड द्यावा. पुतण्या बिथरला. "उद्या ही माझा धंदाच मागेल. मी उत्तरच देत नाही."

सँक्शन लेटरची मागची बाजू वाचण्याची माझी खोड जुनी. परवान्याचा कागद मागवून बसलो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९९१ साली काढलेली ही जीपीएलची दुसरी आवृत्ती. अट सरळ आहे. यंत्राला कळणारी तयार फाइल विकायची, तर माणसाला वाचता येणारा मूळ कोडही सोबत द्या. नाहीतर निदान तीन वर्षे, मागेल त्याला तो देऊ, असे लेखी द्या. आमच्या कारखान्यांच्या तालुक्यात हे लगेच पटावे : साखरेवरून उसाची जात ओळखता येत नाही. कोड द्यायचा तोही त्याच आवृत्तीचा, आणि तो जुळवून बसवण्याच्या सूचनांसह. पुतण्याने यातले काहीच दिले नव्हते; म्हणजे परवाना आपोआप संपुष्टात येतो. चौथे कलम तसेच म्हणते.

ही कागदी धमकी नव्हे. हाराल्ड वेल्टे या लिनक्सच्या एका कर्त्याने तक्रार केली, तेव्हा म्युनिकच्या न्यायालयाने २००४ साली हा परवाना बंधनकारक मानला. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीतच धरतो. कायद्याच्या लेखी माझी कादंबरी आणि पुतण्याचा प्रोग्रॅम एकाच पंगतीला! माझी कादंबरी कोणी नाव काढून छापली, तर मी गप्प बसेन का?

त्याची भीती मात्र निराधार होती. दराचा हिशेब करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः, वेगळा लिहिला आहे. तो लिनक्सवर चालतो एवढ्यानेच उघडा करावा लागत नाही. फाँटचे तर त्याहून सोपे. यंत्राबरोबर खुशाल विका, फक्त कर्त्याचा हक्कलेख आणि परवाना सोबत ठेवा.

खरी अडचण पुढेच होती. बोर्ड पुरवणाऱ्याने त्याला नुसती तयार फाइल दिली होती, आणि कोड मागितला तर टोलवाटोलवी. पण मुलीला यंत्र विकले होते पुतण्याने. मागच्या मालकाने बोजा लपवला, ही सबब बँकेत मी कधी ऐकून घेतली नाही. इथेही घेतली नाही. फुकट मिळाले म्हणजे विनाअट मिळाले, हा समज तालुक्याच्या वर्कशॉपपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सारखाच आहे. २००३ साली लिंकसिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स सापडले, बोभाटा झाला, कंपनीला कोड द्यावा लागला. त्याच कोडातून पुढे 'ओपनडब्ल्यूआरटी' उभे राहिले.

महिनाभर रोज फोन केल्यावर कोड आला. तो यंत्रातल्या आवृत्तीशी जुळवण्यात पुतण्याच्या आणखी चार रात्री गेल्या. आता वर्कशॉपमध्ये एक जाड रजिस्टर आहे : यंत्राचा नंबर, आवृत्ती, कोड कुठे ठेवला. रकाने मी आखून दिले.

मुलीसाठी पेनड्राइव्ह भरताना त्याने विचारले, "काका, याचे पैसे घेता येतात?" नक्कल करून पोचवण्याचा खर्च तेवढा घेता येतो, तसे कलमच आहे. त्याने घेतले, आणि पावतीही फाडली.