शेवटचा बर्थ एकच असतो

सकाळी दहाला एसीचं तत्काळ आरक्षण उघडतं, अकराला बिगर-एसीचं. पडद्यावर चकती फिरत राहते, खात्यातून पैसे जातात, पीएनआर मात्र येत नाही. मग मागणी एकच: सर्व्हर वाढवा. रेल्वेही त्याच भाषेत उत्तर देते. 2014 च्या नव्या ई-तिकीट यंत्रणेने क्षमता मिनिटाला 2,000 वरून 7,200 तिकिटांवर नेली. 2025 मध्ये 32,000 वरून दीड लाखावर जाण्याची घोषणा झाली. काम मोठंच आहे. पण यंत्रं वाढवली की रांग सरते, हा समज खोटा आहे, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्येही तो रुजलेला आहे, याची जास्त काळजी वाटते.

2014 च्या यंत्रणेत जेमफायर हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. त्यात डेटा अनेक सर्व्हरच्या मेमरीत वाटून ठेवतात. फिरत्या डिस्कवरची नोंद गाठायला काही मिलिसेकंद लागतात, मेमरीतली सुमारे 100 नॅनोसेकंदांत मिळते. पण खरी किमया वाटणीत आहे. डेटा एका जागी ओढून आणण्याऐवजी काम डेटाकडे पाठवायचं. प्रत्येक सर्व्हर आपल्या वाट्याचं शोधतो आणि फक्त उत्तर परत देतो. नुसती माहिती पाहणारे लाखो लोक त्यामुळे एकमेकांच्या आड येत नाहीत.

बर्थ विकणं वेगळं. शेवटचा बर्थ दोघांनी एकाच क्षणी मागितला, तर निवाडा एकाच ठिकाणी व्हावा लागतो. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, कामाचा 5 टक्के भाग एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर हजार सर्व्हर लावूनही वेग 20 पटींपलीकडे जात नाही. म्हणून कसब लागतं ते हा भाग लहान करण्यात. गाडी आणि तारीख यांनुसार डेटा वाटला, तर विदर्भ एक्स्प्रेससाठी कोकणकन्येचा प्रवासी खोळंबत नाही. त्याहून बारीक वाटणी मात्र अवघड, कारण मुंबई ते भुसावळ विकलेला बर्थ पुढे भुसावळ ते नागपूर मोकळा असतो. सगळे टप्पे एकत्र पाहावेच लागतात.

वीज गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक नोंदीची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येते, डिस्कवरही लिहिता येते. कठीण प्रसंग वेगळाच: दोन्ही सर्व्हर चालू, पण मधला दुवा तुटलेला. तेव्हा विक्री थांबवायची, की एकच बर्थ दोघांना विकण्याचा धोका पत्करायचा? समाजमाध्यमावर लाइकची संख्या थोडी चुकली तर बिघडत नाही. इथे थांबणंच योग्य, मग लोक चिडले तरी चालेल.

क्षमता वाढल्याने सामान्यांना न्याय मिळेल, असंही म्हणतात. पण तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी 50 टक्क्यांपर्यंत प्रयत्न स्वयंचलित प्रोग्रामचे असतात, असं रेल्वेनेच 2025 मध्ये सांगितलं. वेगवान यंत्रणा त्यांनाही वेगानेच तिकीट देईल. जुलै 2025 पासूनची आधार पडताळणी त्यांना रोखायला सर्व्हरपेक्षा जास्त उपयोगी आहे. वेग हवाच, पण तो नकारातही दिसला पाहिजे: ‘जागा संपली’ हे दोन सेकंदांत कळावं आणि खात्यातून पैसे जाण्याआधी कळावं.