जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’

बारावीचा निकाल लागला की पिंगळीतली मुलं परभणीला जाऊन सेवा केंद्रावर प्रवेशाचा फॉर्म भरतात. आमच्या मोहल्ल्यातली मुलं मलाही सोबत नेतात. धर्माच्या रकान्यात ‘मुस्लिम’ पटकन निवडलं जातं. मग प्रवर्ग येतो आणि बोट थांबतं. शेवटी ‘खुला’. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: आपल्यात जात नसते.

दीनमध्ये नसते, कबूल. मोहल्ल्यात मात्र असते. रिश्ता बघताना पहिला प्रश्न ‘बिरादरी कोणती?’ हाच असतो, आणि तो विचारणारे बुजुर्ग तेच, जे फॉर्म भरताना बराबरीचं बयान देतात. निकाहाला बिरादरी चालते आणि फीच्या सवलतीला चालत नाही, हा हिशेब मला तरी आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

फॉर्म तुमचं ईमान विचारत नाही. तुमच्या आजा-पणजाचं काम काय होतं आणि त्या कामामुळे समाजाने त्यांना कुठे बसवलं, एवढंच तो विचारतो. बागवान, अत्तार, मणियार, तांबोळी, मोमीन, कुरेशी, पिंजारी ही नावं राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद तर विमुक्त जातींमध्ये आहेत, आणि त्यांत मुस्लिमही धरलेले आहेत. मंडल आरक्षण मान्य करणाऱ्या 1992च्या इंद्रा साहनी निकालानेही मुस्लिमांमधल्या मागास गटांना दार बंद केलं नाही. महाराष्ट्रात हे दार प्रत्यक्ष उघडावं म्हणून जालन्याचे शब्बीर अन्सारी वर्षानुवर्षं फिरले. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा असलेले दिलीपकुमार त्यांच्या सभांना आले. कौमचे तुकडे पडतील हा आक्षेप तेव्हाही होताच.

एक गोंधळ मला दरवर्षी दिसतो. फॉर्मवर ‘धार्मिक अल्पसंख्याक’ असा वेगळा प्रश्न असतो. त्याला ‘हो’ म्हटलं की आरक्षण मिळालं असं मुलांना वाटतं. तो पर्याय अल्पसंख्याक संस्थांतल्या जागांसाठी आहे. सरकारी कॉलेजातल्या राखीव जागेशी त्याचा संबंध नाही. मुलींच्या बाबतीत ही चूक फारच महाग पडते. ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्याने 2024-25पासून पूर्ण माफ केली. कुरेशींच्या घरातली मुलगी ‘खुला’ लिहून मोकळी झाली, तर ती माफीही तिथेच सोडून येते.

आता खरी अडचण. लिहायची तयारी असली तरी कागद लागतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा मागतात. आमचं घर पिंजाऱ्यांचं. दादा पिंजण खांद्यावर टाकून आसपासच्या गावांत रुई पिंजायला, गाद्या भरायला जायचे. सगळा गाव त्यांना पिंजारी म्हणूनच हाक मारायचा. पण अब्बांना शाळेत घातलं तेव्हा रजिस्टरात जातीच्या रकान्यात लिहिलं गेलं ‘मुसलमान’. त्याच्याही पुढे ‘शेख’. मराठवाड्यात नावाआधी शेख लावणं इतकं सर्रास आहे, की पिंजारी, अत्तार, बागवान सगळेच कागदावर शेख होऊन बसलेत. दाखल्याच्या वेळी साहेबांनी शांतपणे सांगितलं, कागद शेख म्हणतो, तुम्ही पिंजारी कुठून झालात? माझं काम झालं ते चुलत आजोबांच्या निर्गम उताऱ्यामुळे. त्यांच्या गुरुजींनी सरळ धंदा विचारला होता आणि सरळ लिहिलाही होता. त्यानंतर वंशावळीचं शपथपत्र, प्रांत कार्यालय, मग पडताळणी समिती. यात प्रवेशाचा अख्खा हंगाम निघून जाऊ शकतो.

मराठा-कुणबी नोंदी शोधायला सरकारने 2023 साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडी दफ्तरं तपासली गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, शोधलंच पाहिजे. पण ज्या उर्दू कागदांत कुणब्यांची नोंद शोधता येते, त्यात पिंजाऱ्याची, मणियाराची का शोधू नये? आपल्या एकाही नेत्याने ही मागणी नीट लावून धरलेली मला दिसली नाही. 2014च्या पाच टक्क्यांच्या अध्यादेशावर भाषणं मात्र अजून चालू आहेत. उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग थांबवला नव्हता, तरी पुढच्या सरकारने अध्यादेश संपू दिला. त्याचा राग मलाही आहे. पण त्या रागावर यंदाचा प्रवेश होत नाही.

रकान्यांचा हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत अरब आणि इराणी माणसांना सरकारी फॉर्मवर कित्येक दशकं ‘गोरे’ धरलं जात होतं. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करायचा निर्णय 2024 साली झाला, तोही त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्यामुळे. फरक असा, की तिथे रकान्यावर खूण करायला आजोबांची टीसी लागत नाही.

ज्यांची बिरादरी यादीत नाही, त्यांनी कुणा एजंटाला पैसे देऊन ‘अत्तार’ होऊ नये. पडताळणीत पकडलं गेलं की प्रवेश जातो, आणि खऱ्या अत्ताराकडेही पुढच्या वेळी संशयाने बघितलं जातं. सय्यद, पठाण घरांतल्या गरीब मुलांसाठी दहा टक्क्यांचं ईडब्ल्यूएस आहे. त्याचा दाखला तहसीलमधून निकालाच्या आधीच काढून ठेवावा.

आणि घरात पहिलीत जाणारं लेकरू असेल तर शाळेत स्वतः जा. जातीच्या रकान्यात गुरुजी ‘मुस्लिम’ लिहू लागले तर थांबवा, बिरादरीचं नाव सांगा, लिहिलेलं वाचून घ्या. जे अजून शाळेत आहेत त्यांची दुरुस्ती आत्ताच करून घ्या, शाळा सुटल्यावर ती फार अवघड होते. चुलत्यांचे, आत्यांचे जुने उतारे गोळा करा. 2027च्या जनगणनेत जातही विचारली जाणार आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातलं कोण उत्तर देणार आणि काय देणार, हे आधी घरात बसून बोलून घ्या. आमच्या घरी ‘पिंजारी’ सांगायचं ठरलंय. अम्मीला अजून थोडा संकोच वाटतो.