टाळ्यांनंतरचा मंगळ

आपल्याकडे अंतराळ मोहिमा क्रिकेटच्या अंतिम सामन्यासारख्या पाहिल्या जातात. शेवटचे षटक, रोखलेला श्वास, मग जल्लोष, फटाके, पेढे. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम चंद्रावर उतरला. त्या वेळी इस्रोचे यूट्यूबवरचे थेट प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक पाहत होते. पुढच्याच महिन्यात गणपतीच्या देखाव्यांत विक्रम आणि प्रज्ञान ठिकठिकाणी अवतरले. हा उत्साह खोटा होता असे मी म्हणणार नाही. तो खराच होता. पण प्रज्ञान चंद्रावर किती चालला आणि त्याला तिथे काय सापडले, असे आज विचारून पाहा. सुमारे १०० मीटर चालला आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याची खात्री त्याने करून दिली, हे सांगणारा विरळाच. म्हणजे आपण गाडी उतरताना पाहिली, गाडीने काय केले ते पाहिलेच नाही.

मंगळाच्या बाबतीतही हेच झाले. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळाच्या कक्षेत शिरले. पहिल्याच प्रयत्नात. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्त, ही तुलना तर नाक्यावरच्या चहावाल्यालाही पाठ झाली. २०१६ साली दोन हजारांची नवी नोट आली आणि तिच्या मागच्या बाजूला मंगळयान आले. देशातल्या कोट्यवधी लोकांच्या हातून मंगळयान गेले, भाजीवाल्याकडून दुकानदाराकडे, दुकानदाराकडून बँकेत. पण ज्या यानाचे आयुष्य सहा महिने धरले होते, ते पुढे जवळजवळ आठ वर्षे मंगळाभोवती फिरत राहिले. त्या वर्षांत त्याने काय पाठवले, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? २०२२ साली त्याच्याशी संपर्क तुटल्याचे इस्रोने जाहीर केले, तेव्हा बातमी आली आणि गेली. मे २०२३ मध्ये नोट मागे घेतल्याची बातमी मात्र घराघरात पोहोचली. यानापेक्षा नोटेला निरोप मोठा मिळाला.

माझे म्हणणे एवढेच आहे की मंगळाचा खरा शौक टाळ्यांनंतर सुरू होतो. आणि तो आपल्या मुलांपर्यंत पोहोचत नाही याचे कारण त्यांना आवड नाही हे नसून त्यांच्याजवळ त्यासाठी भाषा नाही, हे आहे.

आज मंगळावर फिरणाऱ्या अमेरिकी गाड्या, क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स, यांनी काढलेली छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली की थोड्याच वेळात, कसलीही रंगरंगोटी न करता, नासाच्या संकेतस्थळावर ठेवली जातात. त्यासाठी फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. पेण ते रोहा गाडीत बसलेल्या मुलीने कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके मागे पडताना मोबाइल उघडला, तर कालपरवा मंगळावर काढलेला फोटो तिला दिसू शकतो. मानवाच्या इतिहासात एवढी दूरची जागा एवढ्या सहज कोणाला पाहता आली नव्हती. पण फोटोखालचा मजकूर इंग्रजीत. फोटो सगळ्यांना मोफत मिळतो, शब्द मिळत नाहीत. उर्दू आणि मराठी माध्यमातली मुलगी तो फोटो पाहते, ‘दगड आहेत’ म्हणते आणि पुढे सरकते. त्यात तिचा काय दोष?

मी दोन भाषा शिकवते, म्हणून मला हे जास्त जाणवते. मराठीत ज्याला मंगळ म्हणतो त्या ग्रहाला उर्दूत मिर्रीख म्हणतात. गंमत अशी की उर्दूत मंगळवारला मात्र ‘मंगल’च म्हणतात. म्हणजे उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या तोंडात मंगळ आधीपासूनच आहे, फक्त तो कॅलेंडरात आहे, आकाशात नाही. उलट मराठी घरात ‘मंगळ’ म्हटले की आधी पत्रिका आठवते आणि एखाद्या मुलीचे अडलेले लग्न. एका ग्रहाला आपण वार केले, दोष केले. ती एक जागा आहे, तिथे दगड आहेत, वारा आहे, तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा आहे, हे मुलांना सांगायचे राहून गेले.

खरे तर मंगळ समजून घ्यायला रोह्याच्या मुलाला फार लांब जावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटीला गेल नावाच्या विवरात गोलसर, गुळगुळीत गोट्यांचा थर सापडला. शास्त्रज्ञ म्हणाले, इथून कधीकाळी नदी वाहत होती. कशावरून? दगड असा गोल वाऱ्याने होत नाही, पाण्यात एकमेकांवर घासूनच होतो, यावरून. हे वाक्य पुस्तकातून शिकवायची गरज नाही. कुंडलिकेच्या पात्रात पाय घातलेल्या प्रत्येक मुलाच्या तळव्याला ते ठाऊक आहे. त्याच गाडीने पुढे वाळलेल्या चिखलाच्या भेगाही टिपल्या. पेणच्या खारेपाटात पाणी ओसरल्यावर जमिनीला तशाच भेगा पडतात. आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, बसाल्ट, मंगळावरही विपुल आहे. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातले लोणार, म्हणजे बसाल्टमध्ये उल्का आदळून तयार झालेले विवर, मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांच्या इतके कामी येते. आपल्या मुलांच्या पायाखाली मंगळाचा धडा पसरलेला आहे. तो वाचून दाखवणारा हवा.

इथे कोणी हमखास म्हणेल, ‘बाई, मंगळावर पाणी होते की नव्हते ते राहू द्या, आमच्या नळाला पाणी येत नाही त्याचे बघा.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पेण तालुक्यातच हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत जाते आणि त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या गावांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात वर्षानुवर्षे घालवली. ज्या बाईच्या डोक्यावर हंडा आहे तिला मंगळावरच्या नदीचे कौतुक ऐकवणे बरे दिसत नाही.

पण मंगळयानाला ४५० कोटी लागले म्हणून खारेपाट तहानलेला राहिला नाही. पाणी कुठून उचलायचे, कुठे न्यायचे आणि आधी कोणाला द्यायचे, हे माणसांनी ठरवले. तिथे विज्ञान कमी पडले नाही, विचारणारे कमी पडले. इथे पाणी होते का, किती होते, कुठे गेले, पुरावा काय, हे प्रश्न मंगळाविषयी विचारायची सवय ज्या मुलीला लागेल, ती उद्या ग्रामसभेत हेटवण्याविषयी तेच प्रश्न विचारील. माझ्या दृष्टीने मंगळ शिकवण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे.

आमच्या समाजात या विषयाला आणखी एक पदर आहे. अशा मोहिमांच्या दिवशी आमच्या मुलांच्या टाळ्या जरा जास्त कान देऊन ऐकल्या जातात. मुलांना ते कळते. मग ती जोरात टाळ्या वाजवतात. टाळ्यांचा आवाज मोजता येतो, जिज्ञासा मोजता येत नाही. म्हणून दोन्हीकडचे मोठे लोक टाळ्यांवर समाधानी राहतात आणि मूल मात्र प्रेक्षकच राहते. चाँद पाहायला गच्चीवर जाणाऱ्या समाजाच्या मुलांना आकाशाकडे पाहायला कोणी नव्याने शिकवायला नको. वर पाहिल्यावर काय विचारायचे, तेवढे शिकवायचे आहे.

२०२० चा जुलै आठवा. ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडची वाताहत केली होती. घरांवरचे पत्रे आणि कौले उडालेली, सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या. कोरोनामुळे आखातात अडकलेली माणसे घरी यायची वाट पाहत होती. त्याच जुलैमध्ये तीन देशांची याने मंगळाकडे निघाली. त्यात एक होते संयुक्त अरब अमिरातीचे अल-अमल, म्हणजे आशा. ९ फेब्रुवारी २०२१ ला ते मंगळाच्या कक्षेत पोहोचले. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची चूल ज्या दुबई-अबूधाबीच्या पगारावर पेटते, तिथले हे यान. आमच्याकडे दुबईचा मॉल माहीत, सोन्याचा भाव माहीत, व्हिसाचे नियम तोंडपाठ. पण त्या मोहिमेच्या वैज्ञानिक गटात ८० टक्के स्त्रिया होत्या आणि त्या गटाचे नेतृत्व सारा अल-अमिरी या तरुण बाईंकडे होते, हे किती घरांत बोलले गेले? दुबईहून येणाऱ्या पार्सलमध्ये ही गोष्टही यायला हवी होती.

आता भाषेच्या शिक्षकाने यात काय करायचे? विज्ञानाचे सर आहेत की, असे म्हणून मोकळे होता येते. पण मंगळाच्या बातम्यांतला निम्मा घोळ भाषेचा असतो. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली. तिच्याकडून ९० दिवसांची अपेक्षा होती, ती १४ वर्षे चालली. जून २०१८ मधल्या धुळीच्या वादळात ती गप्प झाली. ‘माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार पडतो आहे’ हे तिचे शेवटचे शब्द म्हणून जगभर फिरले, आपल्या व्हॉट्सअॅप गटांतही आले. ते शब्द गाडीचे नव्हतेच. तिने पाठवले होते ते विजेचे आणि प्रकाशाचे आकडे. त्यांचा अर्थ एका अमेरिकी पत्रकाराने आपल्या शब्दांत मांडला आणि तो गाडीच्या तोंडी बसला. भावानुवाद म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला मिळायचे नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे. पर्सिव्हरन्सने २०२४ मध्ये तपासलेल्या एका खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी शब्द वापरला ‘संभाव्य’, म्हणजे प्राचीन सूक्ष्मजीवांची खूण असू शकते, पण जीवसृष्टीशिवायही असे ठिपके बनू शकतात. ‘सापडली’ आणि ‘असू शकते’ यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच बातमी आणि विज्ञान यांत आहे. हे अंतर क्रियापदाचे आहे, आणि क्रियापद शिकवणे हे माझे काम आहे.

निबंधाचेही तसेच. ‘मी मंगळावर गेलो तर’ हा निबंध आपल्या मुलांना गाइडमधून पाठ असतो. तिकडे अमेरिकेत या गाड्यांना नावे शाळकरी मुलांच्या निबंधांतून दिली गेली. क्युरिऑसिटी हे नाव सहावीतल्या मुलीने सुचवलेले. २०२१ साली मंगळावर उडालेल्या छोट्या हेलिकॉप्टरचे इन्जेन्युइटी हे नाव वनीझा रूपाणी या अकरावीतल्या मुलीच्या निबंधातून आले. त्या वेळच्या स्पर्धेत २८ हजारांहून जास्त निबंध आले होते. पुढच्या मंगळयानाचे नाव शाळांतून मागवावे, सर्व भारतीय भाषांतून मागवावे, असे मला इस्रोला सुचवावेसे वाटते. रोह्याच्या एखाद्या मुलीने उर्दूत लिहिलेला निबंध तिथवर पोहोचला नाही तरी चालेल. तो लिहिण्यासाठी ती जे वाचील, ते तिच्याजवळ राहील.

तोपर्यंत प्रत्येक शाळेला एक गोष्ट बिनखर्चाने करता येईल. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे. व्हरांड्यातल्या फळ्यावर मंगळाचा नवा फोटो लावायचा आणि त्याखाली तीन रकाने आखायचे: काय दिसते, त्यावरून काय म्हणता येईल, काय अजून माहीत नाही. मुलांनी मराठीत लिहावे, उर्दूत लिहावे, घरी जी बोली बोलतात तीत लिहावे. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला तर फळा बरोबर चालला आहे असे समजावे.

क्युरिऑसिटी ६ ऑगस्ट २०१२ ला मंगळावर उतरली. त्या आठवड्यात पेणला किंवा रोह्याला जन्मलेले मूल आज माध्यमिक शाळेत आहे. एवढ्या वर्षांत गाडीची चाके झिजली, त्यांना भोके पडली, तरी ती डोंगर चढते आहे. आपण सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी टाळ्या एकदाच वाजवल्या. ती थांबण्याआधी त्या मुलाला तिच्यामागे दोन पावले चालायला शिकवू या.