सहा आणि दोन

रोटाव्हायरसच्या लसीची बातमी आली की तिच्याखाली एक आकडा हमखास उगवतो: लस दिलेल्या बाळांत इंटससेप्शनची सहा प्रकरणे, न दिलेल्यांत दोन, म्हणजे धोका तिप्पट! (इंटससेप्शन म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकणे, उपचारास उशीर झाल्यास ते जिवावर बेतते.) असे लिहिणाऱ्यांत विज्ञानाचे पदवीधरही असतात, म्हणून हा प्रपंच.

आकडे खरे आहेत. रोटाव्हॅक या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी दिल्ली, पुण्याजवळील वढू आणि तमिळनाडूतील वेल्लोर येथे ६,७९९ बाळांवर झाली. निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. मात्र लस ४,५३२ बाळांना मिळाली होती आणि प्लासिबो २,२६७ बाळांना, हे सांगायचे राहून जाते. छेद घातला की तिप्पट दीडपटीवर येते. त्यातले एकच प्रकरण दुसऱ्या गटात घडले असते, पाच आणि तीन झाले असते, तर हीच लस इंटससेप्शनपासून वाचवते असे 'सिद्ध' झाले असते! शिवाय ही प्रकरणे तिसऱ्या डोसनंतरची होती आणि डोसनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांपैकी एकही नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेत मागे घेतलेल्या रोटाशील्डचा धोका मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या दोन आठवड्यांत एकवटलेला होता.

छेद विसरण्याची हीच रीत लाभालाही लावून पाहा. रोटाव्हायरसचा तीव्र अतिसार लसीच्या गटात ७१ वेळा, प्लासिबोच्या गटात ७६ वेळा. लस निरुपयोगी? दर काढला तर शंभर बालवर्षांमागे १.५ आणि ३.२, म्हणजे सुमारे ५४ टक्के घट.

पण माझे भांडण दुसऱ्या बाजूशीही आहे. 'चाचणीत सुरक्षितता सिद्ध झाली' हे वाक्य तितकेच पोकळ आहे. रोटाशील्डचा धोका साधारण दहा हजारांत एक असा होता. तेवढाच धोका इथे असता, तर ४,५३२ बाळांत अपेक्षित वाढीव प्रकरणे अर्धीही भरत नाहीत. जे मापन-यंत्राच्या कुवतीबाहेर आहे, ते दिसले नाही म्हणून नाही असे प्रयोगशाळेत कोणी म्हणू धजेल का? केंद्रनिहाय आकडे मागणाऱ्यांना लसविरोधक ठरवून गप्प करणे तर सरळ अवैज्ञानिक होते. ती मागणी न्यायालयापर्यंत जावी लागली, ही आपल्या संस्थांची शोभा नव्हे.

खरे उत्तर लसीकरण सुरू झाल्यावर मिळाले. २०१६ ते २०१९ या काळात दहा राज्यांतील रुग्णालयांत इंटससेप्शनच्या बाळांची नोंद ठेवली गेली आणि प्रत्येक बाळाच्या डोसनंतरच्या दिवसांची तुलना त्याच बाळाच्या इतर दिवसांशी केली गेली. गट लहानमोठे असण्याचा प्रश्नच मिटला. डोसनंतर जोखीम वाढल्याचे आढळले नाही. हा अभ्यास २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांच्या तोंडी तो क्वचितच असतो.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमपासून पालघरपर्यंत बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात थेंब पाजायला आणणाऱ्या आईला टक्केवारी नको असते. थांबून थांबून कळवळून रडणे, हिरवी उलटी, शौचात रक्तमिश्रित शेंब दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठा, हे तिला तिच्या भाषेत, प्रत्येक डोसच्या वेळी सांगायला हवे. लस दिलेली असो वा नसो.