सहा नंबरचे बूट

कोल्हापूरबाहेरच्या पाहुण्यांना दरवेळी समजावून सांगावं लागतं. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा खरा, पण पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावं इथं फुटबॉल संघांचीही आहेत.

माझा धाकटा दहावीत नापास झाला तेव्हा महिनाभर घरात कुणाशी धड बोलत नव्हता. तालमीतला एक सीनिअर, दिवसा गॅरेजमध्ये राबणारा, दारात आला. हातात स्वतःचे जुने बूट, टाचेपाशी दाभणानं शिवलेले. म्हणाला, "काकी, हे ह्याला. पण फेरपरीक्षेचा फॉर्म भरल्याबिगर मैदानात यायचं न्हाई." मी महिनाभर हेच सांगत होते, माझं कोण ऐकतंय!

शाहू स्टेडियमवर या संघांच्या सामन्यांत समर्थकांची हुल्लडबाजी होते, ती लाजिरवाणीच. दोषींना घरी बसवा, पण म्हणून स्पर्धाच बंद करा हे मला पटत नाही. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. बाकीची पोरं तिथवर जात नाहीत, पण संध्याकाळी ती कुठं असतात हे आम्हा आयांना ठाऊक असतं.

घरात जुने बूट पडून असतील तर जवळच्या तालमीत नेऊन द्या. सहा-सात नंबरचे फार लागतात.